एकतिसाव्या पानाचा डूख

मी एक जुनी वही आहे. शंभर पानांची, निळ्या पुठ्ठ्याची, मधोमध दोन पिना मारलेली. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुतेक वेळा सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी तशातली नाही. मी डूख धरते. माझं एकतिसावं पान ज्यानं फाडलं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि त्याच्याच घरात, त्याच्याच फळीवर बसून मी हे सगळं सांगते आहे.

कारखान्यात मला कापलं, दुमडलं, पिना ठोकल्या, तेव्हा मला वाटायचं की आपण एखाद्या शाळकरी मुलीच्या दप्तरात जाणार. गोंदियाच्या बाजारात एका दुकानात मी वर्षभर धूळ खात पडले. मग एक दिवस शामकला ताई आल्या आणि माझ्यासारख्या बारा जणींचा गठ्ठा घेऊन गेल्या. या ताई दवाखान्यात दर गुरुवारी बसायच्या. दारू सोडायला आलेल्या माणसांशी बोलणं हे त्यांचं काम. ज्यांचं मन काळवंडून गेलेलं असायचं, ज्यांना सकाळी खाटेवरून उठावंसंच वाटत नसे, तेही त्यांच्याकडेच यायचे. आणि पुष्कळदा ही दोन्ही माणसं एकाच अंगात असायची.

तसाच एक माणूस म्हणजे गुणवंता रहांगडाले. दवनीवाड्याचा शेतकरी, वय चाळीसच्या आतबाहेर. धानाची रोवणी आटोपली तशी त्याच्या म्हाताऱ्या काकानं त्याला दवाखान्यात आणून टाकला होता. दहा दिवस भरती राहिला, गोळ्या सुरू झाल्या, हाताची थरथर थांबली. घरी जायच्या दिवशी ताईंनी मला त्याच्यापुढे ठेवलं.

"रोज पंधरा मिनिटं लिहायचं, गुणवंताभाऊ. मनात येईल ते. शुद्ध-अशुद्ध बघायचं नाही, हात थांबवायचा नाही. गोळ्याही चालू ठेवायच्या, त्या सुटल्या तर ही एकटी पुरणार नाही. आणि हे कोणी वाचणार नाही. मीसुद्धा नाही."

"मंग लिहाचं कायले?" गुणवंतानं विचारलं.

"पोटात ठेवून काय झालं ते बघितलंत ना? म्हणून."

तो मला सदऱ्याच्या आत घालून बसनं गावी आला. घर रिकामं होतं. बायको रविता उन्हाळ्यातच नऊ वर्षांच्या दुर्गेश्वरीला घेऊन माहेरी सौंदडला निघून गेली होती. जाताना तिनं एवढंच म्हटलं होतं, "दिवाळीच्या मंडईले येईन. तवा पाहीन तुमचा रंग. तसाच असन, तं मंग या घरात माहा पाय नाही." गुणवंताचा सगळा जीव त्या एका तारखेवर टांगलेला होता.

सुरुवातीला त्याला काही सुचेना. पहिल्या पानावर त्यानं आपलं नाव अकरा वेळा लिहिलं. दुसऱ्या पानावर पाऊस किती पडला ते. घरात तो पवारी बोलायचा, गोंदियात हिंदी, पण माझ्याशी बोलताना शाळेतली मराठी आठवून आठवून लिहायचा. सहाव्या पानावर मात्र बांध फुटला. किती लिहिलं म्हणून सांगू! रविता गेली त्या सकाळी न्हाणीत तिचं जुनं लुगडं डोक्यावर घेऊन रडलो, हे लिहिलं. दारूच्या भरात बैलाला मारलं आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन त्याच्या पाया पडलो, हेही लिहिलं. शाळेत गुरुजींनी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर दुर्गेश्वरी सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "पेतात." हे तर त्यानं तीन वेळा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना अक्षर सरळ आलं.

काही दिवस चुकायचे. पण ज्या दिवशी तो लिहायचा त्या दिवशी गड्याची पावलं दारूच्या भट्टीकडे वळत नसत. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू? मी कोऱ्या कागदाची पोर, आणि एका संसाराचं ओझं माझ्या अंगावर पेलून धरलं होतं.

आता एकतिसाव्या पानाचं सांगते. नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

गुणवंताचा जिगरी दोस्त खुशाल. गावच्या दंडारीचा म्होरक्या. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. आज या गावात, उद्या त्या गावात, आणि पाहुण्यांनी सारी घरं भरलेली. मंडईत दंडार होते, गाणी, नाच, नकला. खुशाल नकला बसवायचा आणि गुणवंता ढोलकी वाजवायचा. बारा वर्षं दोघं एकाच बाटलीतून प्यायले. खुशालचा धाकटा भाऊ भुपेंद्र लाजरा पोरगा होता. पहिल्यांदा दंडारीत उभं राहायची पाळी आली आणि तो मंचावर जाईचना, तेव्हा पडद्यामागे खुशालनंच त्याच्या तोंडाला मोहाच्या दारूचा पेला लावला होता. "घे एक घोट, भेव जाते," म्हणाला. भुपेंद्रची भीती गेली, पण पेला काही सुटला नाही. चार वर्षांनी पिऊन मोटरसायकल चालवताना कोहमाऱ्याच्या चौकात तो ट्रकखाली गेला.

त्यांची आई नंदाबाई. तिला तोवर ठाऊक नव्हतं की पोराला पहिला घोट कोणी पाजला. कोणा बाहेरच्या सोबत्यानं नादाला लावला असेल, असं ती धरून चालली होती. रोज दोन्ही वेळा खुशालच्या ताटात भात वाढताना ती म्हणायची, "ज्यानं माह्या पोट्ट्याले पहिला घोट पाजला, त्याचं वाटोळं होवो." आणि खुशाल मान खाली घालून तो भात गिळायचा. हे दोघांनाच माहीत होतं, खुशालला आणि गुणवंताला. पेला हातात दिला तेव्हा गुणवंता तिथंच ढोलकी आवळत बसला होता, आणि गप्प राहिला होता. ते गप्प राहणं त्याला आतून पोखरत होतं. म्हणून एकतिसाव्या पानावर त्यानं ते सारं उतरवून काढलं.

दारू सुटली तसा गुणवंता तालमीला जाईना, कारण तालमीत पेला फिरतोच. ढोलकीवाचून दंडार पांगळी झाली. खुशाल दोनदा बोलवायला आला, गुणवंतानं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा खुशाल आला तेव्हा गुणवंता हलक्या धानाच्या कापणीला गेला होता. गावात दाराला कुलूप कोण लावतं? खुशाल सरळ आत आला, इकडेतिकडे बघू लागला, आणि धानाच्या कोठीमागे त्याला मी सापडले.

तिथंच उकिडवा बसून त्यानं मला वाचलं. आधी हसला. मग एकतिसावं पान आलं, आणि पठ्ठ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि टर्रकन माझं पान ओढलं. चुलीत घातलं. बाकीची मी त्याच्या बगलेत. गुणवंतानं मला घरभर शोधलं असेल, पण मी त्याला कुठून सापडणार?

मित्रांनो, तुम्हाला गुरुजी सांगतात ना, वहीच्या मधून पान फाडू नका? त्याला कारण आहे. पिना मारलेल्या वहीत प्रत्येक पानाला पलीकडे एक जोडीदार असतो, एकाच कागदाचे दोन हात. एकतिसावं गेलं तसं माझं एकोणसत्तरावं पान सुटं झालं, नुसतं अडकून राहिलं. खुशालला त्याचा पत्ताच नव्हता. मी मात्र ते मनात धरून ठेवलं.

मंडई भरली. रविता आली, दुर्गेश्वरी आली. गुणवंतानं दाढी केली होती, नवा सदरा घातला होता. रवितानं दुरूनच त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच हसली. बस, त्या हसण्यासाठीच तर त्यानं साठ पानं लिहिली होती.

दुपारी दंडार सुरू झाली, आणि खुशाल मला हातात घेऊन मंचावर आला. डोक्यावरून लुगडं, डोळ्यांत खोटं पाणी. "अवं रविते, काऊन गेलीस वं!" असं म्हणत त्यानं न्हाणीतलं रडणं करून दाखवलं. मग एका पोराला बैल बनवलं आणि त्याच्या पाया पडला. शेवटी बारीक आवाज काढून म्हणाला, "गुरुजी, माहे बाबा पेतात!" सारं मैदान पोट धरधरून हसलं. गावचा रिवाज असा की ज्याची नक्कल होते त्यानं रागवायचं नाही, हसायचं. गुणवंता हसला. ते हसणं मी मंचावरून पाहिलं आहे. देव करो आणि तुम्हाला तसं कधी हसावं न लागो. दुर्गेश्वरीनं आईच्या पदरात तोंड लपवलं. रविता उठली, पोरीचा हात धरला आणि मागं न बघता बसस्टँडकडे चालू लागली.

"घे गा, तुही पोथी," म्हणत खुशालनं मला गुणवंताच्या मांडीवर फेकलं.

गुणवंता मला घेऊन सरळ तळ्यापलीकडच्या भट्टीवर गेला. पेला भरून समोर आला. मी त्याच्या बगलेत ओरडत होते, पण वहीचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? बसता बसता मी त्याच्या हातून निसटले आणि उघडी पडले. त्यानं उचललं, आणि त्याला फाटक्या कागदाची दातेरी कड दिसली. तीस, आणि मग तेहेतीस.

"माहं सारं गावाले दाखवलं," तो स्वतःशीच बोलला, "अन् आपलं तेवढं फाडलं? हरामखोरा!"

पेला तसाच ठेवून तो उठला. त्या दिवशी त्याला शहाणपणानं वाचवलं नाही, गोळ्यांनी नाही, मीही नाही. निव्वळ रागानं वाचवलं. म्हणून रागाला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं.

पुढचे आठ दिवस त्यानं माझ्यावर जे लिहिलं ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखं नाही. खुशालला त्यानं माझ्या पानांवर विहिरीत ढकललं, मळणी यंत्रात घातलं, गाढवावरून धिंड काढली. पेन इतकं दाबून चालायचं की चार पानं खाली उमटायचं. मला दुखायचं आणि बरंही वाटायचं. मी आतून म्हणायचे, अजून लिही, अजून! गुरुवारी त्यानं ताईंना झालेलं सांगितलं. ताई म्हणाल्या, "वहीत हवा तेवढा मारा त्याला. वहीबाहेर बोट लावायचं नाही."

नवव्या दिवशी एकोणसत्तरावं पान आलं. त्यावर गुणवंतानं एकतिसावं पान पुन्हा लिहून काढलं, शब्द न् शब्द. पडदा, पेला, कोहमाऱ्याचा चौक, नंदाबाईचा रोजचा शाप. त्या अर्धवट सुटलेल्या पानावरच! माझा आनंद गगनात मावेना. त्यापुढची पानं त्यानं कोरीच ठेवली.

पंधरा दिवसांनी सौंदडची मंडई होती, आणि दवनीवाड्याच्या दंडारीला तिथं आवतण होतं. रिवाजाचा दुसरा भाग असा की ज्याची नक्कल झाली, त्याला पुढच्या मंडईत उलट नक्कल करायचा हक्क आहे. त्याला कोणी अडवू शकत नाही. नंदाबाईची लेक सौंदडला दिलेली, म्हणून म्हातारी आधीच तिथं जाऊन बसली होती. सौंदड रविताचंही माहेर. सारं कसं जुळून आलं होतं! सदऱ्याच्या आत, गुणवंताच्या छातीशी, मी दात-ओठ खात चालले होते.

दुपार टळत आली होती. खुशालची नक्कल रंगात आली असताना गुणवंता उठला आणि मंचावर चढला.

"उलट नक्कल!" तो म्हणाला.

लोकांनी शिट्या मारल्या. खुशालच्या तोंडावर रंग होता, पण रंगाखाली तो पांढरा पडला. गुणवंतानं मला बाहेर काढलं, एकोणसत्तरावं पान उघडलं, आणि समोर पाहिलं. बायांच्या पहिल्याच रांगेत नंदाबाई बसली होती, पदरात भुईमुगाच्या शेंगा, आणि गुणवंताकडे पाहून हसत होती. त्याच्या लहानपणी तिनं त्याला किती वेळा जेवू घातलं असेल! दोन रांगा मागं रविता आणि दुर्गेश्वरी.

वाच, मी म्हणत होते. वाच रे, वाच!

त्यानं एकदा पानाकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. मग त्यानं काय करावं? मला तशीच उघडी खुशालच्या हातात दिली.

"तूच वाच," तो म्हणाला. "माहं बी तूच वाचलं होतं." आणि मंचावरून उतरून गेला.

माझा असा संताप झाला की काय सांगू! हातातोंडाशी आलेला घास या माणसानं टाकून दिला. खुशालनं पानावर नजर टाकली. चुलीत घातलेलं पान त्याच्या हातात परत आलं होतं. त्यानं मला घाईघाईनं मिटायला घेतलं. तेव्हा मी ठरवलं, गुणवंता नाही तर मी. आणि मी ते सुटं पान सोडून दिलं. हो, मुद्दाम सोडलं. वारा नव्हता, कोणी ओढलं नव्हतं. ते पान घिरट्या घेत खाली आलं आणि नंदाबाईच्या पायाशी पडलं.

म्हातारीला अक्षर येत नाही. तिनं ते उचललं, पदरानं पुसलं, उठून मंचापाशी आली आणि हात वर केला.

"घे रे बाबू, तुहा कागद पडला."

खुशालनं कागद घेतला. शिट्या थांबल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "वाच ना गा, अबे वाच!" खुशाल तसाच, रंगवलेल्या तोंडानं, खाली उतरला आणि आईसमोर मातीत बसला. एका हातात मी, दुसऱ्यात ते पान. तो इतक्या हळू बोलला की मी आणि शेजारच्या दोन बायांनीच ऐकलं.

"आई, तू रोज ज्याले शाप देते ना, तो मी आहो."

नंदाबाईनं पदरातल्या शेंगा त्याच्यापुढे मातीत ओतल्या, पदर झटकला आणि लेकीच्या घराकडे चालती झाली.

दंडार तिथंच मोडली. गर्दी पांगताना दुर्गेश्वरी बापाजवळ आली. गुणवंता जवळच एका बैलगाडीला टेकून उभा होता, म्हणून मला ऐकू आलं.

"बाबा, तुम्ही काऊन नाही वाचलं?"

"ते माहं नोहोतं, बाई."

रवितानं पाण्याचा गडवा त्याच्यापुढे धरला.

चार दिवसांनी खुशाल मला घेऊन गुणवंताच्या दारात उभा राहिला. डोळे तांबारलेले, तोंडाला वास. आई परतली नव्हती, घरात चूल पेटली नव्हती.

"झालं तुह्या मनासारखं?" त्यानं विचारलं.

"झालं," गुणवंता म्हणाला. मीही म्हणाले, झालं.

मग खुशाल ओसरीवर टेकला. शेवटी गुणवंता म्हणाला, "उद्या गुरुवार आहे. साडेनऊची बस. पिऊन आला तं मी चढू देणार नाही तुले." खुशालनं मला पुढे केलं, तर गुणवंतानं हात मागे घेतला. "राहू दे तुह्याजवळ. तीस पानं बाकी आहेत. मी नवी घेतली."

घ्या! ज्यानं मला फाडलं त्याच्याच हवाली मला केलं. मी किती तणतणले. त्याच्या पेनाला शाई नीट उतरू द्यायची नाही असा पण केला. पण पहिल्याच दिवशी त्यानं जे लिहिलं त्यात भुपेंद्रचं नाव पानभर होतं, दुसरं काहीच नाही. माणसं अशीच सुरुवात करतात, हे मला आता ठाऊक होतं. मी शाई उतरू दिली. माफ मात्र केलं नाही. पुढं संक्रांतीच्या आधी रविता घरी परतली, पण महिनाभर तिनं कपड्यांची पेटी उघडली नाही, हेही मला खुशालच्याच अक्षरातून कळलं.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. कोणाची वही दिसली तर उघडू नका. उघडलीच तर हसू नका. आणि पान तर अजिबात फाडू नका. जोडीचं पान सुटतं, आणि ते कोणाच्या पायाशी जाऊन पडेल, याचा नेम नाही. आणि तुमच्या स्वतःच्या पोटात काही सलत असेल तर एखादी वही घ्या, लिहा, आणि शामकला ताईंसारखं कोणी असेल त्यांच्याकडे जा. आम्हा वह्यांना ओझ्याची सवय आहे.

नंदाबाई विसाव्या दिवशी परत आली. भात रांधला, खुशालला वाढला. त्या दिवशी शाप मात्र दिला नाही. जेवण झाल्यावर तिनं फळीवरून मला काढलं आणि खुशालसमोर आपटलं.

"दवाखान्यातल्या बाईनं लिहाले सांगितलं म्हणे. लिही. माह्यासमोर बसून लिही. मले वाचता येत नाही, तुहं गुपित फुटत नाही. पण हात थांबला तं मले दिसते."

तेव्हापासून रोज तसंच चालू आहे. माझी तीस पानं कधीच भरली. आता चौथी वही चालू आहे, आणि मी फळीवरून बघते. खुशाल लिहितो, म्हातारी समोर पाट टाकून बसते, त्याच्या बोटांवरून नजर हलवत नाही. काल लिहिता लिहिता त्याचा हात अडला. त्यानं मान वर केली, डोळे भरले होते.

"आई, एक डाव तं माफ कर वं."

"शाप मी वापस घेतला नाही," नंदाबाई म्हणाली. "लिही."